खेचरवाल्यांचं पाणी

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, घरी कोण कोण असतं तेही विचारलं नाही. दारात उभं करून त्यांनी विचारलं, "दिवसाला पाणी किती लागतं?"

मी साताऱ्यात नवीन होते. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली होती आणि सांगलीहून आणलेली बॅग अजून हातातच होती. घरमालक चिकट दिसतोय, असं मनाशी म्हणत मी दोन बादल्या असं उत्तर दिलं.

"प्यायला इचारतोय मी."

प्यायला किती लागतं हे मी कधी मोजलं नव्हतं. दोन लिटर, असं मी अंदाजाने सांगितलं. त्यांनी खिशातून वही काढली, लिहून घेतलं आणि दिवसभर उन्हात चालायचं असेल तर किती, असं विचारलं. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "आवं, पोरीला आत तरी येऊ द्या. तिला काय हबसाणात न्यायची हाय का?"

खोली मला मिळाली. हबसाण म्हणजे काय हे कळायला मात्र दोन महिने लागले, कारण मी विचारलं नाही. न विचारता जेवढं कळेल तेवढ्यावर भागवायची मला सवय आहे.

ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी खेचरांच्या कंपनीत गेलेली. जिथे गाडी जात नाही अशा डोंगरातल्या चौक्यांवर खेचरांच्या पाठीवरून रॉकेल, रेशन आणि पाणी पोचवायचं, हे त्यांचं काम. गल्लीत त्यांना सगळे सुभेदारच म्हणत. उंच माणूस. रस्त्याच्या कडेकडेने चालायचे आणि उजवा हात थोडा मागे ठेवायचे, लगाम धरल्यासारखा. भाजी आणताना दोन्ही पिशव्यांत सारखं वजन पाहिजे. एका पिशवीत कांदे जास्त झाले तर भर मंडईत दोन्ही पिशव्या खाली ठेवून वाटणी करायचे. दहिवडीच्या एसटी स्टँडवर काकूंना त्यांनी एकदा डोक्यावरचं गाठोडं सोडून पुन्हा बांधायला लावलं होतं, कारण ते डावीकडे कललं होतं. काकू हे सांगताना अजून चिडायच्या. सुभेदारांचं म्हणणं एवढंच होतं, की पाठ माणसाची असो नाहीतर खेचराची, एकदा सोलवटली की बरी व्हायला तेवढेच दिवस लागतात.

माझ्या खोलीसमोर, जिन्याच्या पलीकडे, त्यांची वरची खोली होती. तिथे प्लायवूडच्या दोन फळ्या जोडून पलंगाहून मोठं टेबल केलं होतं. एका टोकाला निळ्या रंगाचा समुद्र, मग वाळूचा किनारा, मग थर्माकोलचे डोंगर आणि अगदी दुसऱ्या टोकाला एक गड. वखारीतला भुसा हिरवा रंगवून झुडपं केलेली. दगड मात्र खरे होते, माणमधल्या त्यांच्या गावचे. त्या सगळ्याला ते सँड मॉडेल म्हणत.

ही एकट्याने खेळायची लढाई होती. बोटभर उंचीचे शिपाई, फासे आणि एका जुन्या मोहिमेच्या नियमांचं जाड पुस्तक. परदेशात ही हौस पुष्कळांना असते म्हणे. निवृत्त झाल्यावर मुलाने त्यांना फोन घेऊन दिला आणि त्यावर त्यांना एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसाचा व्हिडिओ दिसला. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली कुठलीशी स्वारी तो गॅरेजमध्ये एकटाच खेळत होता, दोन्ही बाजूंनी. सुभेदारांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि खाली इंग्रजीत लिहिलं, सर, यात खेचरं कुठे आहेत? त्या माणसाने उत्तरही दिलं होतं. ते त्यांनी मला जिन्यात थांबवून दाखवलं. मी सांगितलं, खेचरं गृहीत धरली आहेत असं ते म्हणतायत.

"म्हंजे?"

"म्हणजे आहेत असं समजायचं."

"समजून पाणी पोचतं व्हय, पोरी?"

त्या दिवसापासून रविवारी सकाळी पुस्तक वाचून अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, तेव्हा एवढं तरी मला जमण्यासारखं होतं. पुस्तकात गोळीबाराची बरीच पानं होती. ती मी वाचायला लागले की ते खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बघत बसत. रसदीबद्दल शेवटी अर्धं पान होतं. ते त्यांनी माझ्याकडून सात वेळा वाचून घेतलं आणि म्हणाले, लिहिणारा कधी तहानलेला दिसत नाही.

हबसाणाचं मला काकूंनी सांगितलं, मेथी निवडताना.

राणीच्या काळात मुंबईहून एक फौज बोटींनी तांबड्या समुद्रापलीकडे हबशांच्या मुलखात, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे, गेली होती. तिथल्या राजाने काही गोऱ्या लोकांना गडावर कोंडून ठेवलं होतं, त्यांना सोडवायला. त्या फौजेबरोबर काही हत्ती आणि हजारो खेचरं होती आणि खेचरांबरोबर माणसं. त्यातला एक सुभेदारांचा खापरपणजोबा. त्याच्याबद्दल घरात एकच वाक्य चालत आलं होतं: खेचरांबरोबर बोटीत चढला आणि आला नाही. तो मेला अशी बातमीही कुणी आणली नाही. त्यामुळे त्याची बायको म्हातारी होऊन मरेपर्यंत कुंकू लावत होती, आणि हिला कुंकू लावावं की नाही हे गावातल्या बायकांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. सुभेदारांनी नोकरीत असताना दोन-तीन कार्यालयांना पत्रं लिहिली. लढणाऱ्यांच्या याद्या आहेत, बरोबर गेलेल्या नोकरमाणसांच्या नाहीत, असं उत्तर आलं. पुढे कुठल्याशा पुस्तकात त्यांना मिळालं, की त्या किनाऱ्यावर उतरल्यावर पाण्याची व्यवस्था कोलमडली होती आणि खेचरं तहानेने तडफडून मेली. खेचरांचं पुस्तकात होतं. माणसांचं नव्हतं.

"तवापास्नं ह्यांच्या डोक्यात बसलंय," काकू म्हणाल्या. "जिकायचं न्हाई ह्यांस्नी. त्यो तहानंनं मेला का काय, एवढंच बगायचंय."

मी मेथी निवडत राहिले. काकूंनी माझी जुडी बघून सांगितलं की मी देठंच जास्त ठेवतेय.

म्हणजे ही नुसती हौस नव्हती. नीट आखणी केली असती, तर तेवढ्याच खेचरांवर, तेवढ्याच उन्हात, त्या माणसांना पाणी पुरलं असतं का, याचा हिशेब ते दोन वर्षं करत होते. एक गोळी सुटली नव्हती. शिपाई त्यांनी बाहेरून मागवले होते, पण ओझ्याची खेचरं कुठे मिळेनात. मग पंपाच्या जळक्या मोटारीतली तांब्याची तार आणि प्लंबर वापरतात ती पुट्टी घेऊन त्यांनी खेचरं स्वतः केली. एकशे ऐंशी. प्रत्येकाच्या पाठीवर पाण्याच्या दोन पखाली, म्हणजे चामड्याच्या पिशव्या, दोन्ही बाजूंनी सारख्या. हत्ती मात्र म्हसवडच्या यात्रेतून आणलेले होते, प्लॅस्टिकचे, आणि त्यातल्या एकाच्या पोटाखाली शिट्टी होती. दर तीन खेचरांमागे एक माणूस. ती साठ माणसंही त्यांनीच केली, पण चेहरे रंगवताना त्यांचा हात थरथरायचा. माझा थरथरत नाही. लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या सरकवून तो स्थिर झालेला आहे. साठही चेहरे मी रंगवले. सगळे वेगळे पाहिजेत, अशी त्यांची एकच अट होती.

पुस्तकाप्रमाणे एका शिपायाच्या जागी वीस शिपाई धरायचे असतात. ते त्यांनी मान्य केलं. खेचरवाल्यांच्या बाबतीत मान्य केलं नाही.

"शिपाई एकाला इस धर. खेचरवाला एकाला एक."

शेजारच्या निवृत्त मास्तरांना हे सगळं पोरकट वाटायचं. एकदा जिन्यात उभं राहून ते म्हणाले, "सुभेदार, आपल्याच मानेवर बसलेल्या इंग्रजांची लढाई तुम्ही या वयात खेळताय?" सुभेदार म्हणाले, इंग्रजांची त्यांची त्यांनी खेळावी, मी खेचरांची खेळतोय. मास्तर गेल्यावर त्यांनी गडावरच्या लोकांसाठीही पाण्याची टाकी करायला घेतली, आणि ती होईपर्यंत दुसरं काही केलं नाही.

एकट्याने खेळण्यातली अडचण त्यांना पहिल्यापासून खुपत होती. आपला डाव आपल्याला माहीत असतो, मग संकट आणायचं कुठून? स्वतःवर आणलेलं संकट माणूस बेतानेच आणतो, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला आणि घरी येईल त्याच्याकडून एकेक अडचण लिहून घ्यायला सुरुवात केली. वाटेत माणसाचं काय काय चुकतं ते लिहा. रोज मुक्कामाला एक चिठ्ठी काढायची. दूधवाल्याने लिहिलं, वासरू मेलं की म्हैस दूध देत नाही. त्यावर दोन दिवस विचार करून सुभेदारांनी नियम केला, की खेचराचा जोडीदार मेला तर उरलेलं खेचर एक दिवस चालणार नाही. गॅसवाल्याने लिहिलं, पत्ता बरोबर असतो, माणूस बदललेला असतो. काकूंनी लिहिलं, ज्याने सांगायचं त्याने सांगितलंच नाही. यावर त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, ही कसली अडचण? "समद्यांत मोठी हीच," काकू म्हणाल्या. "संसार केलाय मी तुमच्यासंगं."

मला काय लिहावं सुचेना. मी कोरा कागद घडी करून टाकला.

आखणी पूर्ण झाल्यावर सगळी कागदपत्रं त्यांनी मला कॉम्प्युटरवर उतरवून काढायला दिली. साफ कॉपी पाहिजे होती, दारावर लावायला. मी चार संध्याकाळी बसून ती उतरवली. किती शिपाई, त्यांना रोज किती पाणी. अंमलदार किती. घोडे, हत्ती, खेचरं, त्यांना किती. कुठल्या मुक्कामाला विहीर, कुठे झरा, कुठे काहीच नाही. सगळं दोनदा तपासलेलं होतं. चौथ्या संध्याकाळी मी पाणी पिणाऱ्यांची बेरीज करून पाहिली, मग पाण्याची. मग उठून त्यांच्या खोलीत गेले. ते नव्हते. मी ट्रेमध्ये मांडलेल्या त्या साठ माणसांकडे बघत उभी राहिले.

त्यांचं पाणी कागदात कुठेच नव्हतं.

चूक कशी झाली हे मला तेव्हाच कळलं, कारण त्यांच्या कंपनीच्या गोष्टी मी वर्षभर ऐकत होते. त्यांच्या नोकरीत खेचर चालवणारा माणूस हा जवानच असे. कंपनीची संख्या लिहिली की तो त्यात आलाच. वेगळा मोजायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. इथे त्यांनी पुस्तकातल्या तक्त्यातून लढणाऱ्यांची संख्या घेतली, स्वतःहून जनावरं मिळवली, आणि हाताने घडवलेली साठ माणसं मोजायची राहून गेली. राणीच्या काळात खेचरवाला कुणाच्याच संख्येत नव्हता. दुसऱ्या कुणी ही आखणी केली असती तर शंका आली म्हणून तरी एक ओळ वाढवली असती. आयुष्यभर खेचरांबरोबर चाललेल्या माणसाला शंका येणं शक्यच नव्हतं.

मी सांगितलं नाही. सुभेदारांना खेचरांच्या पाण्याबद्दल मी काय सांगणार, असं वाटलं. त्यांनी वेगळ्या कागदावर लिहिलं असेल, असंही वाटलं. उद्या सांगू, असं मी तीन आठवडे म्हणत होते. कॉपी दारावर लागली.

एका रविवारी सकाळी कूच होतं. दूधवाला, मास्तर, काकू आणि मी टेबलाभोवती उभे होतो. काकूंनी शिरा केला होता. सुभेदारांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हुकूम परेडवर देतात तसा हिंदीत वाचला. पहिला मुक्काम नीट झाला. डब्यातून निघालेली चिठ्ठी कोरी होती. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, दिवस बरा गेला. दुसरा मुक्कामही झाला. तिसऱ्याला विहीर नव्हती, सगळं पखालींवर होतं. त्यांनी दारावरचा कागद वाचत एकेकाला पाणी वाटायला सुरुवात केली. शिपाई झाले, घोडे झाले, हत्ती झाले, खेचरं झाली. "समद्यास्नी पुरलं," असं ते म्हणाले आणि पुढच्या कूचसाठी खेचरांना हात घालणार, तेवढ्यात मी म्हणाले,

"काका, खेचरवाल्यांचं पाणी कुठंय?"

ते कागदाकडे गेले. वरून खालपर्यंत बोट फिरवलं. मग खालून वर. दूधवाल्याने शिऱ्याची बशी हळूच खिडकीत ठेवली.

"न्हाई," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कवापास्नं म्हाईत हाय तुला?"

"तीन आठवडे."

मला वाटलं आता खोली सोडायला सांगतील. ते म्हणाले, "तू तीन हप्ते साठ माणसं बिनपाण्याची चालवलीस. मी दोन वर्सं." मग त्यांनी दारावरचा कागद काढला, चार घड्या केल्या आणि आम्हाला सगळ्यांना घरी पाठवलं. संध्याकाळी मी डोकावले तेव्हा सगळी फौज पुन्हा किनाऱ्यावर उभी होती. एकेक खेचर, एकेक माणूस, पहिल्या दिवशी होतं तिथे.

मास्तर म्हणाले, एक ओळ वाढवा आणि चला पुढे, खेळच तर आहे. पण ती ओळ वाढत नव्हती. साठ माणसांच्या पाण्याला आणखी खेचरं लागत होती. त्या खेचरांना आणखी पाणी, ती चालवायला आणखी माणसं, आणि त्या माणसांना पुन्हा पाणी. चार महिने ते या चक्रात फिरत होते. वही संपली, दुसरी आणली. जेवताना मध्येच हात धुवून वर जात. काकू मला म्हणाल्या, "ह्याच्यापरीस तू गप ऱ्हायली असतीस तर बरं झालं असतं गं." मग स्वतःच म्हणाल्या, "न्हाई, बरं न्हाई."

शेवटी एका सकाळी ते चहा घ्यायला खाली आले ते सुटल्यासारखे. दूधवाला दूध मापत होता. त्यालाच त्यांनी आधी सांगितलं.

"लढणारं कमी करायचं, गड्या. दोन कंपन्या किनाऱ्यावरच ठिवायच्या. त्यांचं पाणी खेचरवाल्यांस्नी."

"मग लढणार कोण, सुबेदार?"

"पोचलं तर लढतील की कोणतरी."

आणि ते पोचले. पावसाळा सुरू व्हायच्या आधी मुक्काम मागून मुक्काम करत फौज गडाखाली गेली. सात खेचरं मेली, एक हत्ती वाटेत सोडावा लागला, शिट्टीचा. माणूस एकही गेला नाही. गडाची लढाई, जिच्यासाठी पुस्तकात सगळ्यात जास्त पानं होती, ती त्यांनी अर्ध्या तासात उरकली. फासे माझ्याकडून टाकून घेतले आणि मध्ये दोनदा काकूंना विचारलं की दळण आणायचं आहे का. गड पडला. मी पुढचं वाक्य वाचलं, इथे मोहीम संपते.

"संपती कशी?" ते म्हणाले. "माणसं अजून तितंच हायत की. परतीचं पान काढ."

परतीचं पान नव्हतं. मी अनुक्रमणिका पाहिली, शेवटचे तक्ते पाहिले. जिंकल्यावर काय होतं हे लिहिणाऱ्याने सांगितलेलं नव्हतं. सुभेदारांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, बंद केलं आणि कपाटावर ठेवून दिलं. त्यानंतर ते पुन्हा खाली आलं नाही. परतीचे नियम त्यांनी स्वतः लिहिले. परतताना माणसं दमलेली असतात, जनावरं कमी असतात, आणि पुढे काही मिळवायचं नसल्यामुळे कुणाचं लक्ष नसतं. म्हणून दर मुक्कामाला प्रत्येक खेचरवाल्यासाठी एक फासा. एक पडला तर तो आजारी. लगेच दुसरा फासा, पुन्हा एक पडला तर तो तिथेच राहिला. पाणी कमी पडलं तर तीनपर्यंत काहीही पडलं तरी राहिला.

याच सुमारास मला सांगलीत नोकरी मिळाली, घरापासून जवळ. खोली सोडते असं सांगताना मला वाईट वाटत होतं, ते मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि खेचरांकडे हात केला.

"ही तू येशील तवा हलतील."

"काका, दुसरं कुणीही फासे टाकेल."

तेव्हा त्यांनी मला सांगितलं, ते काकूंनाही सांगितलेलं नव्हतं. साठ जणांतला एक त्यांचा खापरपणजोबा होता. कूचच्या पहिल्या दिवशी त्यांनी डोळे मिटून रांगेत बोट ठेवलं होतं. सदतीसावा. त्याच्या पायाखालच्या चकतीवर काही खूण केलेली नव्हती, फक्त आकडा लक्षात ठेवला होता. भरतीला आपल्या घरचा उमेदवार असला तर आपण त्या टेबलावर बसायचं नसतं, असं ते म्हणाले. आणि जी तीन आठवडे गप्प बसून शेवटी खरं बोलली, तिच्यावर त्यांचा विश्वास होता. मला हे कौतुक वाटलं नाही. तरी मी हो म्हणाले.

मग दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी सकाळच्या एसटीने सांगलीहून साताऱ्याला जाऊ लागले. घरी आईला वाटायचं, तिथे माझं काहीतरी जुळलंय. खेचरांसाठी जाते, असं सांगितल्यावर तिने विचारणं सोडून दिलं. महिन्याला एक मुक्काम. साठ फासे, आणि एक पडला तर त्यावर आणखी एक. फासे पडत असताना ते टेबलाकडे पाठ करून खिडकीशी उभे राहत. मी आकडा मोठ्याने सांगायची. मला मोठ्याने बोलायची सवय त्या खोलीत लागली. एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, रस्ते बंद झाले आणि मला जाता आलं नाही. मी फोन केला. ते म्हणाले, तुमच्याकडे पाणी तर आमच्याकडेही पाणी, आणि फौज एका ओढ्याच्या अलीकडे पूर उतरेपर्यंत थांबवून ठेवली.

आठ मुक्काम झाले. तीन खेचरवाले आजारी पडून उठले. राहिलं कुणी नाही. किनारा तीन मुक्कामांवर आला, निळा रंग दिसू लागला. दूधवाला खाली मला विचारायचा, किती उरलं? मीही एसटीत मनात तोच आकडा घोळवत असायची, ते कबूल करायला हरकत नाही.

नवव्या मुक्कामाला मी सकाळी पोचले. पाण्याचं वाटप झालेलं होतं, दारावरच्या नव्या कागदावर खेचरवाल्यांची ओळ सगळ्यात वर होती आणि तिच्यापुढे बरोबरची खूण. त्यांनी चिठ्ठी काढली, अडचण किरकोळ निघाली. ते खिडकीशी गेले. मी सुरुवात केली. पंचवीस, तीस, पस्तीस. छत्तीसला पाच पडले.

सदतीसला एक पडला.

"सदतीस, एक," मी म्हणाले.

त्यांची पाठ हलली नाही. "टाक," ते म्हणाले.

मी दुसरा फासा टाकला. तो टेबलाच्या कडेशी, समुद्राच्या बाजूला जाऊन थांबला. ते बघत नव्हते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. फासा माझ्या हाताच्या अंतरावर होता आणि मला फक्त गप्प बसायचं होतं, किंवा चार म्हणायचं होतं. आयुष्यात मी याहून कमी कारणांसाठी गप्प बसले आहे.

"काका, पुन्हा एक."

ते आले. आधी फासा पाहिला. मग सदतीसाव्याला उचललं आणि तळहातावर घेतलं. त्याचे डोळे मी रंगवलेले, त्यामुळे मला तिकडे बघवेना. त्यांनी त्याला ट्रेमध्ये ठेवलं नाही. रांगेतून बाजूला, माणच्या एका दगडाच्या सावलीला उभं केलं. मग भिंतीवरच्या नकाशाकडे जाऊन नवव्या मुक्कामावर पेन्सिलीने एक लहान खूण केली आणि जिन्यातून काकूंना हाक मारली.

काकू पदराला हात पुसत वर आल्या. त्यांनी नकाशा पाहिला, दगडाजवळचा माणूस पाहिला, आणि त्यांना कुणी काही न सांगता समजलं.

"हितं ऱ्हायला व्हय?"

"हितं," ते म्हणाले. "कुठं ऱ्हायला त्ये तरी ठरलं."

काकू त्या दगडाशी वाकल्या. मग त्यांनी विचारलं, "पाणी हुतं का तितं?"

"हुतं. समद्यास्नी पुरलं."

काकूंनी मान हलवली आणि त्या खाली गेल्या. सुभेदार पुन्हा खिडकीशी गेले, पाठ केली, हात मागे घेतला. रांगेत अजून तेवीस माणसं फाशासाठी उभी होती आणि दोन मुक्काम चालायचे होते.

"अडतीस टाक," ते म्हणाले.

अडतीसला चार पडले. मी मोठ्याने सांगितलं.